प्रोफेसरची जागा निघते कुठून

परवा रात्री साडेनऊला फोन आला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली माझी जुनी विद्यार्थिनी, बीएला मराठी ऑप्शनल घेऊन माझ्याकडं शिकलेली, पुढं कोल्हापूरला राहून एमए केलं, तिची नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी देशपातळीची परीक्षा, निघाली. ती ओरडून सांगत होती, मागनं तिची आई काहीतरी म्हणत होती, मला इतका आनंद झाला की गॅसवर दूध आहे हेच विसरले आणि ते सगळं उतू गेलं. मग तिनं विचारलं, मॅडम, आता प्रोफेसर व्हायला अर्ज कुठं करायचा?

मला लगेच उत्तर देता आलं नाही. रविवारी घरी ये, निवांत बोलू म्हटलं.

मी तेरा वर्षं गेस्ट लेक्चरर, म्हणजे मानधनावर तात्पुरती शिकवणारी, आहे, पीएचडी झालीय, नेट झालीय, आणि मलासुद्धा हे सगळं बऱ्याच उशिरा कळलं, तेही बाबांमुळं. बाबा कर्नाटकातल्या एका विद्यापीठाच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये, म्हणजे पदं आणि नेमणुकांचं काम बघणाऱ्या ऑफिसात होते, चौतीस वर्षं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण अजून पेपरात भरतीची जाहिरात आली की आधी चष्मा शोधतात. घरी आम्ही मराठी बोलतो, देवापुढं हरिपाठ मराठीत, पण बाबांच्या आयुष्यातल्या सगळ्या टिप्पण्या कन्नडमध्ये लिहिलेल्या. नोकरीला लागताना त्यांना कन्नड फक्त बाजारापुरतं येत होतं, मग बेळगावच्या शहापुरातल्या एका शिक्षकांकडं रोज संध्याकाळी जाऊन लिहायला शिकले.

त्या रात्री मी फोन ठेवून मोबाइलवर यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम उघडून बसले तर बाबा म्हणाले, "काय वाचूलालीस गं एवढ्या रात्री?" सांगितलं. तर म्हणाले, "तिला म्हणावं तू पास झालीस, आता जागा पास व्हायची हाय."

हेच सांगायला ही पोस्ट लिहितेय. आपल्याकडं आई-बाप कर्ज काढून पोरींना एमए, बीएड, पीएचडी करायला लावतात आणि सगळ्यांना वाटतं की परीक्षा निघाली, इंटरव्ह्यू चांगला गेला की नोकरी. पण इंटरव्ह्यू हा अगदी शेवटचा टप्पा आहे, त्याच्या आधी ती जागाच मंजूर व्हावी लागते आणि त्याला कितीतरी वर्षं जातात, त्या वर्षांबद्दल कुणी बोलतच नाही.

आधी माणसाच्या पात्रतेचं सांगते, ते त्यामानानं सोपं आहे. आपण मराठी लोक कॉलेजात शिकवणाऱ्या सगळ्यांनाच प्राध्यापक म्हणतो, लग्नपत्रिकेत पण तसंच छापतो, पण कागदावर तीन पायऱ्या आहेत, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर, आणि कन्नडमध्ये 'प्राध्यापक' म्हणजे फक्त सगळ्यात वरची पायरी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणं असिस्टंटला एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, म्हणजे तशीच राज्यपातळीची परीक्षा. मध्ये विद्यापीठातल्या जागांना पीएचडी सक्तीची करायची ठरलेली, ती तारीख पुढं ढकलत ढकलत शेवटी २०२३ मध्ये ती सक्तीच काढून टाकली. असोसिएटला पीएचडी, आठ वर्षं शिकवल्याचा अनुभव, सात शोधनिबंध आणि रिसर्च स्कोअर, म्हणजे संशोधनाचे गुण, ७५. प्रोफेसरला पीएचडी, दहा वर्षं, दहा शोधनिबंध आणि स्कोअर १२०.

आपल्या सीमाभागातल्या मुलांना एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून इथं ठळक लिहिते. नेट देशभर चालते. सेट ज्या राज्याची त्या राज्यातच चालते. ही माझी विद्यार्थिनी कोल्हापूरला होती म्हणून तिनं मागं महाराष्ट्राची सेट दिली, पास पण झाली, गावात पेढे वाटले, आणि मग कळलं की इकडं बेळगावात त्याचा उपयोग नाही, घर कर्नाटकात, शिक्षण महाराष्ट्रात. म्हणून परत अभ्यास करून नेट काढली पोरीनं. माझ्या माहितीत अशी अजून तिघंजण आहेत.

आता जागेचं.

बाबा सांगतात ते मी माझ्या भाषेत लिहितेय. विद्यापीठाला स्वतःच्या मनानं प्रोफेसर नेमता येत नाही, कारण पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून जातो. त्यामुळं कुठल्या विभागात किती जागा हे सरकारी आदेशानं ठरलेलं असतं, त्याला मंजूर पदं म्हणायचं. यूजीसीचा साधारण हिशेब असा की एका प्रोफेसरमागं दोन असोसिएट आणि चार असिस्टंट असावेत. नवीन विद्यापीठ झालं म्हणजे जागा आपोआप येत नाहीत. आपलं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं, त्याआधी तिथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पीजी सेंटर होतं, लोकांना वाटलं आता घराजवळ विद्यापीठ आलं म्हणजे भराभर नोकऱ्या, पण विद्यापीठ कायद्यानं होतं आणि जागा अर्थ खात्याच्या होकारानं येतात, दोन्ही वेगवेगळे रस्ते. पुढं सरकारनं एकाच झटक्यात सात नवीन विद्यापीठं केली, त्यात बागलकोटचं पण होतं, आणि दोन-तीन वर्षांतच ती ठेवायची की नाही यावरच चर्चा सुरू झाली. इमारतीवर बोर्ड लागला म्हणून आत शिकवणारा माणूस येतोच असं नाही, हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं.

एखादे सर रिटायर झाले की जागा रिकामी होते, पण ती भरायला परत परवानगी लागते. हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं! मला वाटायचं एक गेला की दुसरा घ्यायचा. तसं नसतंय. विभाग आधी वर्कलोड काढतो, आठवड्याला किती तास, किती विद्यार्थी. मग प्रस्ताव तयार होतो. बाबांच्या टेबलवर तो तक्ता व्हायचा, मंजूर किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती, प्रत्येक रिकामी जागा कुठल्या तारखेपासून रिकामी आणि कशामुळं, निवृत्ती का राजीनामा का मृत्यू, ती भरली तर वर्षाला पगाराचा खर्च किती. ते सिंडिकेटपुढं, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळापुढं जायचं. तिथून उच्च शिक्षण खात्याकडं, तिथून अर्थ खात्याकडं. अर्थ खात्यानं सहमती दिली की मग उच्च शिक्षण खात्याचा आदेश निघतो की इतक्या जागा भरायला परवानगी आहे. सिंडिकेट ते आदेश यामध्ये एक वर्षसुद्धा जाऊ शकतं आणि पाचसुद्धा.

बाबा फाइल घेऊन स्वतः जायचे. संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी बेंगलोर, स्टेशनवरच तोंड धुवायचं, इडली खायची आणि ऑफिस उघडायच्या आधी एमएस बिल्डिंगच्या, म्हणजे सरकारी खात्यांच्या इमारतीच्या, पायरीवर उभं राहायचं. आईनं दिलेल्या धपाट्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरायची. बरोबर कुंद्याचा डबा न्यायचे का असं मी एकदा विचारलं तर चिडले, म्हणाले मी कधी कुणाला चहा पण पाजला नाही, माझा तक्ता बरोबर असायचा तेवढंच. आणि ते खरं आहे, कारण तक्त्यात एक तारीख चुकली की फाइल शंका काढून परत यायची आणि परत आलेली फाइल पहिल्यापासून चालायची. एका जागेची फाइल त्यांनी चार वेळा नेली. चौथ्यांदा मंजुरी आली तेव्हा ज्या सरांनी ती मागितली होती ते विभागप्रमुख स्वतःच रिटायर झालेले.

आता बेळगावात सुवर्णसौध, म्हणजे विधिमंडळाची इमारत, आहे, २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं, हलग्याजवळ हायवेवरनं जाताना दिसतो, हिवाळी अधिवेशन तिथं भरतं. पण फाइलचा रस्ता अजून बेंगलोरचाच. अधिवेशनात आम्ही गेस्ट लेक्चरर लोक तिथं धरणं धरायला जातो, थंडीत ताडपत्रीखाली बसतो, एवढंच आमचं त्या इमारतीशी नातं.

यूजीसीकडनं पण काही जागा यायच्या, पंचवार्षिक योजनेतल्या. त्यात यूजीसी योजना संपेपर्यंत पगार द्यायची, पण अट अशी की पुढं राज्य सरकार ती जबाबदारी घेईल असं पत्र आधीच द्यायचं. ते पत्र मिळवणं हेच मोठं काम. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि तो रस्ताही बंद झाला.

परवानगी आली की रोस्टर. यावर मला जरा थांबून लिहायचंय, कारण आमच्या स्टाफरूममध्ये भरती अडकली की लोक रोस्टरला शिव्या घालतात आणि मला ते अजिबात पटत नाही. रोस्टर म्हणजे कुठला बिंदू, म्हणजे कितव्या क्रमांकाची जागा, कुणासाठी राखीव याचं रजिस्टर, प्रत्येक नेमणुकीची त्यात नोंद, मागं जे बिंदू भरले नाहीत ते बॅकलॉग. बाबा म्हणतात ते रजिस्टर नीट ठेवलेलं असेल तर दोन आठवड्यांचं काम आहे. ते नीट ठेवलेलं नसतं, एका विभागाचं एक रजिस्टर, दुसऱ्याचं वेगळं, जुनं पान फाटलेलं, आणि मग कोर्टात कुणीतरी जातं आणि जाणारा बरोबरच असतो, कारण ज्याचा बिंदू होता त्याला ती जागा मिळालीच नाही. दोष आरक्षणाचा नाही, वर्षानुवर्षं रजिस्टर न लिहिण्याचा आहे. आता नियम पण बदललेत, कर्नाटकात एससीचं आरक्षण १५ वरून १७ टक्के आणि एसटीचं ३ वरून ७ टक्के झालं, ते बिल डिसेंबर २०२२ मध्ये इथंच बेळगावच्या अधिवेशनात पास झालं. मग सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२४ चा निकाल आला की एससीमध्ये अंतर्गत आरक्षण देता येतं, त्यावर राज्यानं आयोग नेमला आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा अहवाल येईपर्यंत नवीन भरतीच्या जाहिराती थांबवल्या. जे समाज इतकी वर्षं मागं राहिले त्यांचा वाटा नीट ठरायलाच पाहिजे, त्यासाठी थांबलो याचं मला वाईट वाटत नाही. पण थांबलेल्या वर्षात वय वाढतं, आणि ते त्याच समाजातल्या मुलांचं पण वाढतं. माझ्याबरोबरचे एक सर त्या समाजातले आहेत, पंधरा वर्षं गेस्ट, ते आता पन्नाशीला आलेत.

रोस्टर तपासून झालं की जाहिरात, अर्ज, छाननी, आणि मग तो इंटरव्ह्यू ज्याला आपण सगळं समजतो. निवड समिती कशी असावी ते पण यूजीसीच्या नियमात आहे, कुलगुरू अध्यक्ष, राज्यपालांचा एक प्रतिनिधी, बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ, डीन, विभागप्रमुख, आणि किमान चार जण हजर पाहिजेत, त्यात दोन तरी बाहेरचे तज्ज्ञ. मराठीसाठी इथं तज्ज्ञ बोलवायचे तर कोल्हापूर, पुणे, गोवा असंच बघावं लागतं. आणि कुलगुरूच नसले, प्रभारी असले, तर मोठ्या नेमणुकांना कुणी हात घालत नाही, ती पण काही महिन्यांची खोटी. इथं शब्दांचा पण घोळ आहे, महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि इकडं कन्नडमध्ये कुलपती म्हणजे व्हाइस चान्सलर, राज्यपाल ते कुलाधिपती. बाबा नवीन असताना याच्यातच चुकले आणि विद्यापीठातल्या विद्यापीठात जायचं पत्र राजभवनाच्या पत्त्यावर टाइप होऊन सहीपर्यंत गेलं होतं.

मी स्वतः एकदाच या सगळ्याच्या जवळ पोचले होते. एका विद्यापीठाची जाहिरात आली, नाव घेत नाही, मराठीची एक जागा. मी आणि बाबा दोघं पंधरा दिवस कागद लावत होतो, पाच सेट झेरॉक्स, प्रत्येक शोधनिबंधाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, सगळ्यावर सही, गठ्ठा इतका जाड झाला की पोस्टातल्या बाईंनी दोन वेळा वजन केलं. फी भरली. आठ महिने काही नाही. मग वेबसाइटवर एका ओळीत आलं की जाहिरात रद्द. पैसे परत आले नाहीत त्याचं काही नाही, पण त्या आठ महिन्यांत मी रोज सकाळी ती वेबसाइट उघडत होते. बाबांनी ती जाहिरात परत काढून वाचली आणि गप्प बसले. नंतर म्हणाले, "यात सरकारच्या आदेशाचा नंबरच नव्हता गं. मी बघायला पाहिजे होतं." ते अजून स्वतःला दोष देतात त्याचा.

जागा रिकामी राहिली की काय होतं ते मी रोज बघते. मराठीचे सर रिटायर झाले, जागा तशीच, गेस्टवर वर्ग चालतो. गेस्टचं कसं, दरवर्षी नव्यानं ऑनलाइन अर्ज, कौन्सेलिंग, कुठलं कॉलेज मिळेल ठाऊक नाही, कधी ऑर्डर सेमिस्टर अर्धं झाल्यावर येते. मधल्या काळात वर्गात कोणी नसतं. मुलं वाट बघतात आणि दुसरा विषय घेतात. पुढच्या वर्षी मराठी ऑप्शनलला बाराच्या ठिकाणी सात, मग चार. मग तक्त्यात वर्कलोड कमी दिसतो आणि जागा मागायलाच आधार राहत नाही. कुणी मराठी बंद करा असा आदेश काढत नाही, काढायची गरजच पडत नाही. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मराठी शाळेतनं आलेल्या मुलीनं कॉलेजात मराठी शिकायचं की नाही हे असं कुठल्यातरी तक्त्यातल्या एका रकान्यावर ठरतंय.

आणि पैशाचं. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या संपानंतर सरकारी कॉलेजातल्या गेस्टचं मानधन ११-१३ हजारांवरून वाढवून पात्रतेप्रमाणं आणि अनुभवाप्रमाणं २६ ते ३२ हजार केलं, आठवड्याचे तास पण वाढवून १५ केले. ती वाढ आमच्यासाठी मोठी होती, मी त्यातनं बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. कायम असिस्टंट प्रोफेसरचं नुसतं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे.

इथं तो नियम येतो जो मी त्या रात्री मोबाइलवर वाचत होते. तात्पुरत्या नोकरीची वर्षं अनुभव म्हणून धरायची असतील तर २०१८ च्या नियमात अटी आहेत, नेमणूक रीतसर निवड समितीकडनं झालेली पाहिजे आणि पगार कायम असिस्टंट प्रोफेसरच्या एकूण पगारापेक्षा कमी नको. म्हणजे ज्याला कमी पगारावर राबवलं त्याची वर्षं त्या कमी पगारामुळंच धरायची नाहीत. माझी तेरा वर्षं, पंचाहत्तर किलोमीटर जाऊन-येऊन, जुलैच्या पावसात लाल डब्यात उभं राहून गेलेली, ती असोसिएटच्या आठ वर्षांत पण बसत नाहीत आणि प्रोफेसरच्या दहात पण नाहीत. ज्यानं हा नियम केला त्याच्या डोक्यात खोटी अनुभव-सर्टिफिकेटं रोखायची असतील, ते मी समजू शकते, खोट्या सर्टिफिकेटांचा धंदा आहेच. पण सरकारी कॉलेजच्या हजेरीपुस्तकात सही असलेल्या माणसाला त्याच गाळणीतनं गाळणं चूक आहे आणि हे बदललंच पाहिजे.

मी बाबांना विचारलं, माझ्या तेरा वर्षांचं काय मग. ते काही बोलले नाहीत, उठून झोपायला गेले.

रविवारी ती मुलगी आली, आईनं दिलेली भातपोह्यांची पिशवी घेऊन. बाबांनी तिला समोर बसवून दोन तास समजावलं, ती वहीत लिहून घेत होती. जाहिरात आली की सगळ्यात आधी वरच्या कोपऱ्यात बघायचं, सरकारच्या मंजुरीच्या आदेशाचा नंबर आणि तारीख आहे का. जागा बॅकलॉगची आहे का नवीन. राखीव बिंदू कुठला. शोधनिबंध छापायच्या आधी जर्नल बघायचं, पैसे घेऊन छापणाऱ्याच्या नादी लागायचं नाही. प्रत्येक कॉलेजकडनं ऑर्डरची आणि रिलीव्ह केल्याची कॉपी त्याच वर्षी घ्यायची, नंतर क्लार्क बदलतो आणि कागद सापडत नाही. कन्नड लिहायला शिक, बोलता येतं तेवढ्यावर राहू नको, असं तर तीन वेळा म्हणाले. तिनं विचारलं, "आजोबा, किती वर्षं लागतील?" बाबा म्हणाले, "ते मला सांगता यायचं नाही बाळ. पण कागद तुझ्या बाजूनं अपुरा नको."

साडेपाचच्या खानापूर बसला तिला बसवून मी परत आले तर बाबा टेबलापाशीच होते. समोर फुलस्केपचे तीन कागद, कन्नडमध्ये, त्यांचं ते जुनं ऑफिसातलं अक्षर, आता जरा हललेलं. सरकारला अर्ज. विषय, गेस्ट म्हणून केलेल्या सेवेचा अनुभव ग्राह्य धरण्याबाबत. खाली माझ्या तेरा वर्षांचा तक्ता, कुठलं कॉलेज, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ऑर्डर नंबर, मधले खंड, सगळं. हे त्यांनी त्या रात्रीपासून करायला घेतलं होतं, माझ्या कपाटातल्या फायली मला न विचारता काढून. २०१६ च्या एका ऑर्डरची तारीख त्यांना सापडत नव्हती तेवढी जागा पेन्सिलनं गोल करून ठेवली होती.

उद्या कॉलेजात जाऊन ती तारीख बघून येते. माझ्याबरोबरच्या अजून नऊ जणांना विचारलंय, त्यातल्या सात जणांनी आपापले तक्ते आणून देतो म्हटलंय, बाबा म्हणाले सगळ्यांचे आणा, मी एकसारखे करून देतो.